क्वाड्रुपोल नॅनोमीटरभरही हलू द्यायचा नाही : कंपन-नियंत्रणात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा फिजिक्स करून तुम्ही ॲक्सेलरेटरच्या प्रयोगशाळेत रुजू झाला आहात आणि "हा चुंबक हलता कामा नये" एवढंच सांगून काम तुमच्या गळ्यात पडलं आहे, असं धरून चालतो. या विषयावर शोधनिबंध ढीगभर आहेत. त्यात शेवटचा सुंदर आलेख असतो : लूप (कंपन मोजून चुंबकाला उलट ढकलणारी यंत्रणा) बंद असताना वरची रेघ, लूप चालू असताना खालची. त्या खालच्या रेघेपर्यंत कोणत्या क्रमाने जायचं, हे मात्र त्यात सापडत नाही. मी याच वाटेने गेलोय, म्हणून तो क्रम लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ॲक्टिव्ह लूप ही शेवटची पायरी आहे. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात पिएझो (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणारा स्फटिक) आणि कंट्रोलरकडे धावतो, कारण मजा तिथे असते. पण वेळेचा मोठा वाटा मोजण्यात आणि पाण्याचे पाइप, पंप, पाय यांच्या मागे लागण्यात जातो, आणि तो तिथेच जायला हवा.

उदाहरणासाठी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या 'क्लिक' या रेषीय कोलायडरचा, म्हणजे दोन बीम (कणांचे झोत) समोरासमोर आदळवणाऱ्या सरळ यंत्राचा आराखडा घेतो, कारण कंपनाच्या बाबतीत याच्याइतका हट्टी आराखडा दुसरा नाही. ३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या क्लिकमध्ये टकरीच्या जागी बीमची आडवी रुंदी सुमारे ४० नॅनोमीटर आणि उभी उंची सुमारे १ नॅनोमीटर धरली आहे. समोरासमोरून येणाऱ्या असल्या दोन पट्ट्या एकमेकींवर आदळायला हव्यात. त्यासाठी मुख्य बीमच्या वाटेवर साधारण ४,००० क्वाड्रुपोल, म्हणजे बीमला भिंगासारखे एकवटणारे चुंबक आहेत. त्यातले सगळ्यांत लांब जवळपास २ मीटरचे, वजन सुमारे ४०० किलो. प्रत्येकाची उभी हालचाल १ हर्ट्झच्या वर १.५ नॅनोमीटरच्या आत हवी, आडवी ५ नॅनोमीटरच्या आत. टकरीलगतच्या शेवटच्या चुंबकांसाठी ४ हर्ट्झच्या वर ०.२ नॅनोमीटर.

सुरुवातीला हाताशी काय हवं

कागदपत्रं :
- बीम डायनॅमिक्सवाल्यांकडून सहनशीलतेचा (किती हालचाल चालेल याचा) तक्ता, आणि आकडा कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून वर लागू आहे हे लेखी
- चुंबक, गर्डर (चुंबकाखालची तुळई), पाय यांची ड्रॉइंग. पाइप आणि केबल कुठून जातात त्यासकट
- आसपासच्या प्रत्येक पंप, पंखा, कॉम्प्रेसर, चिलरची यादी, आरपीएमसह
- किरणोत्सर्ग आणि भटक्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा
- प्रत्येक सेन्सरचं कॅलिब्रेशन पत्रक, सीरियल नंबरानुसार

साधनं : एकाच जातीचे किमान दोन ब्रॉडबँड सिस्मोमीटर, तीन-चार उच्च संवेदनशीलतेचे ॲक्सेलरोमीटर, मऊ टोकाचा इम्पॅक्ट हॅमर, २४ बिटचा डेटा रेकॉर्डर, पायथन किंवा मॅटलॅब, आणि फोमचं झाकण. झाकणाला हसू नका, पुढे कळेल.

१. चुंबकाला नाही, बीमला विचारा

क्वाड्रुपोलच्या मध्यातून जाणाऱ्या बीमला धक्का बसत नाही. चुंबक d एवढा सरकला की बीमला d भागिले फोकल लांबी एवढा कोनीय धक्का बसतो. एकट्या चुंबकाचा धक्का किरकोळ असतो, पण रांगेत चार हजार जण आहेत. सगळे आपापल्या मर्जीने हलले तर परिणाम चार हजारपट होत नाही, त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे त्रेसष्टपट होतो. आणि सगळे बीमसकट एका तालात वरखाली झाले तर बीमला काही कळतही नाही. म्हणून किती हलतंय याइतकंच कोण कोणाबरोबर हलतंय हेही महत्त्वाचं.

दुसरा प्रश्न : १ हर्ट्झच्या खाली कोण बघतंय? क्लिकमध्ये सेकंदाला ५० पल्स येतात. एका पल्सची चूक बीम पोझिशन मॉनिटरवर मोजायची आणि पुढच्या पल्सआधी दुरुस्त करायची, अशी बीमची स्वतःची फीडबॅक असते. ती जेमतेम काही हर्ट्झपर्यंत कामाची. त्याखालचं ती सांभाळते, वरचं तुमच्या गळ्यात. क्लिकची पल्स दीड-पावणेदोनशे नॅनोसेकंदांत संपते, त्यामुळे एका पल्सच्या पोटात दुरुस्तीला फारसा वाव नाही. उलट आयएलसी या दुसऱ्या रेषीय कोलायडरच्या आराखड्यात सेकंदाला पाचच पल्स, पण प्रत्येक सुमारे ७०० मायक्रोसेकंद लांब आणि आतले बंच (कणांचे पुंजके) अर्ध्या मायक्रोसेकंदाहून थोडे जास्त अंतराने. तिथे पहिल्या काही बंचवरून मागच्यांना सरळ करता येतं. म्हणून तिथल्या चुंबकांवरची अट कितीतरी सैल आहे. दोन्ही यंत्रं रेषीय कोलायडरच, पण तुमचं काम पार वेगळं.

सिंक्रोट्रॉनवर असाल, म्हणजे इंदूरच्या इंडस-२ सारख्या १७२ मीटर घेराच्या स्टोरेज रिंगवर, तर नॅनोमीटरची चिंता करू नका. तिथे रूढ नियम असा की बीम आपल्या आकाराच्या दहा टक्क्यांहून जास्त हलू नये. तिथला हिशेब मायक्रॉनमध्ये होतो आणि बरंचसं काम ऑर्बिट फीडबॅक करते. गर्डर चांगला असला की बहुतेक वेळा ॲक्टिव्ह माउंटची गरजच पडत नाही.

सापळा : "आमच्याकडे कंपन ३ नॅनोमीटर" असं कोणी सांगितलं तर लगेच विचारा, कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून वर? जमिनीचं पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन ते) ढोबळमानाने फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घाताने उतरतं. त्यामुळे १ हर्ट्झऐवजी ४ हर्ट्झपासून बेरीज केली तर तोच आकडा आठपट लहान दिसतो. खालची मर्यादा न लिहिलेला आकडा माझ्या लेखी आकडाच नाही.

२. जमीन ओळखून घ्या

किमान एक पूर्ण आठवडा मोजा, शनिवार-रविवारसकट. दुपारची अर्ध्या तासाची फाइल म्हणजे काही मोजमाप नव्हे.

स्पेक्ट्रमवर सगळ्यात आधी ०.१४ ते ०.२ हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा दिसेल. तो समुद्राच्या लाटांचा. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला तरी तो दिसतो, आणि खवळलेल्या समुद्राच्या दिवसांत चढतो. आपल्याकडे पावसाळ्यात अरबी समुद्र उसळतो तेव्हाही. मोठेपणा मायक्रॉनच्या दशांशापासून मायक्रॉनपर्यंत, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या शेकडोपट. घाबरू नका. या लाटांची लांबी दहा-पंधरा किलोमीटर असते, जवळजवळ सगळी यंत्रणाच एका तालात डुलते आणि बीमला ते जाणवत नाही. एक हर्ट्झच्या वर माणसाचं राज्य सुरू होतं : रस्ते, रेल्वे, पंप, चिलर. इथे मऊ जमिनीतून जाणाऱ्या १० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३० मीटर असू शकते. दोन शेजारी चुंबक एकमेकांविरुद्ध हलतात आणि खरी पंचाईत होते.

जागेमुळे फार फरक पडतो. सर्नच्या खोल बोगद्यात शांत रात्री १ हर्ट्झच्या वर दोन-तीन नॅनोमीटर सापडतात; शहरातल्या गाळाच्या जमिनीवर दहा-वीसपट सहज. हॅम्बुर्गच्या डेसी प्रयोगशाळेच्या मंडळींनी जगभरच्या अनेक ठिकाणी जाऊन हे एकाच पद्धतीने मोजलंय. तुमच्या जागेची पहिली तुलना त्या आलेखांशी करा.

आता एक ओळख पटवायची युक्ती, रोज उपयोगी पडणारी. ज्या देशात वीज ५० हर्ट्झची आहे तिथे स्पेक्ट्रममध्ये बरोब्बर ५०.० वर अरुंद सुई दिसली तर ती बहुधा विजेची घुसखोरी आहे, कंपन नाही. ४८-४९ वर किंवा २४-२४.८ वर थोडी रुंद, दिवसभरात किंचित सरकणारी सुई दिसली तर ती मोटर आहे. इंडक्शन मोटरला स्लिप असते, ती बरोबर २५ किंवा ५० वर कधी फिरत नाही. आरपीएमची यादी काढा, साठने भागा, आणि आरोपी नावानिशी सापडतो.

आणखी एक सापळा इतिहासातला. १९९५ मध्ये सर्नच्या लेप या तेव्हाच्या वर्तुळाकार कोलायडरमध्ये द्विध्रुवी (बीम वळवणाऱ्या) चुंबकांच्या क्षेत्रात न उलगडणारा गोंगाट दिसायचा, मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शांत व्हायचा. त्याचा माग जिनिव्हाहून निघणाऱ्या टीजीव्ही या फ्रेंच वेगवान रेल्वेपर्यंत लागला. तुम्ही आम्ही लगेच म्हटलं असतं, रेल्वेची कंपनं! पण रूळांमधून जमिनीत झिरपणारा डीसी प्रवाह यंत्राच्या व्हॅक्यूम चेंबरमधून वाट काढत होता, आणि क्षेत्र त्याने बदलत होतं. रेल्वेच्या वेळापत्रकाशी जुळलं म्हणजे जमीनच हलली असं नाही.

३. सेन्सर निवडा आणि त्याच्यावर संशय घ्या

तीन जाती पुरेत. ब्रॉडबँड सिस्मोमीटर, जसे गुराल्पचे किंवा स्ट्रेकआयझनचा एसटीएस-२ : काही शतांश हर्ट्झपासून ५०-१०० हर्ट्झपर्यंतचा राजा, पण महाग, नाजूक, आणि चुंबकीय क्षेत्र व किरणोत्सर्ग दोन्हींना हळवा. जिओफोन : स्वस्त, दणकट, पण ४.५ हर्ट्झ किंवा १ हर्ट्झ या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीच्या खाली झपाट्याने आंधळा होतो. पिएझो ॲक्सेलरोमीटर : वरच्या फ्रिक्वेन्सीला उत्तम, खाली निरुपयोगी.

निरुपयोगी का, ते आकड्यांत बघा. प्रति जी १० व्होल्ट देणारा, बाजारात मिळणाऱ्यांतला फार संवेदनशील ॲक्सेलरोमीटर घ्या. १ नॅनोमीटर मोठेपणाची हालचाल ५० हर्ट्झला असेल तर प्रवेग सुमारे १० मायक्रो-जी आणि सिग्नल १०० मायक्रोव्होल्ट, मोजता येतो. तीच हालचाल १ हर्ट्झला असेल तर प्रवेग ४ नॅनो-जी आणि सिग्नल ४० नॅनोव्होल्ट. गोंगाटात बुडाला. उलट एसटीएस-२ वेगाला प्रतिसाद देतो, मीटर प्रति सेकंदाला १,५०० व्होल्ट. १ हर्ट्झच्या १ नॅनोमीटरला त्याच्या टोकाशी ९ मायक्रोव्होल्ट येतात.

हेच ९ मायक्रोव्होल्ट तुम्ही ±१० व्होल्टच्या १६ बिट कार्डात घातले तर? त्या कार्डाची एक पायरीच ३०५ मायक्रोव्होल्टची. म्हणून आधी २४ बिट आणि सेन्सरलगत कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर, मग बाकीच्या गप्पा.

सेन्सरचा स्वतःचा गोंगाट कॅटलॉगवरून घेऊ नका, मोजा. दोन सारखे सेन्सर अगदी शेजारी-शेजारी, एकाच दगडी पाटावर, एकाच फोमच्या झाकणाखाली ठेवा आणि रात्रभर रेकॉर्ड करा. दोघांना जे सारखं दिसतंय ती जमीन. जे जुळत नाही तो गोंगाट. कोहेरन्स (दोन सिग्नल किती जुळतात त्याचं माप) काढून सामाईक भाग वजा केला की तुमच्या साखळीचा, म्हणजे सेन्सर, केबल, ॲम्प्लिफायर, कार्ड या सगळ्यांचा मिळून तळ हातात येतो. लूप कितीही हुशार लिहिलात तरी चुंबक या तळाच्या खाली जाणार नाही. हा आलेख छापून टेबलासमोर चिकटवा.

ही चाचणी करताना लोक काय काय विसरतात :

- सिस्मोमीटरच्या आतलं वस्तुमान वाहतुकीसाठी लॉक केलेलं असतं, ते सोडायचं राहतं.
- बसवल्याबरोबर रेकॉर्डिंग सुरू करतात. तापमान स्थिरावायला काही तास जातात, रात्र गेलेली बरी.
- झाकण नसतं. खोलीतल्या एसीची झुळूक १ हर्ट्झच्या खाली हमखास दिसते.
- केबल ताणलेली असते. सेन्सरजवळ एक सैल वेटोळं ठेवून केबल जमिनीला टेपने चिकटवा.
- आडव्या दिशेच्या सिस्मोमीटरला झुकणं आणि सरकणं यांतला फरक कळत नाही. ०.१ हर्ट्झला एक नॅनोरेडियन झुकाव त्याला सुमारे २५ नॅनोमीटर सरकल्यासारखा दिसतो. १ हर्ट्झला तोच पाव नॅनोमीटर. खालच्या फ्रिक्वेन्सीचा आडवा आलेख बघताना हे डोक्यात असू द्या.

चुंबक चालू केल्यावर "कंपन" वाढलं, तर ते खरं की क्षेत्राने सेन्सर फसवला? दोन ॲक्सेलरोमीटर एकाच जागी, एक सुलटा, एक उलटा बसवा. खरी हालचाल दोघांत उलट चिन्हाने येईल. केबलमध्ये शिरलेला गोंगाट चिन्ह बदलत नाही. पाच मिनिटांचं काम, पण आठवडे वाचवतं.

४. आधी पाणी, पंप आणि पाय

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं आणि सगळ्यात कमी शोधनिबंध यावर निघतात.

चुंबकाच्या वेटोळ्यांतून थंड पाणी फिरतं. वाकणांत आणि अरुंद जागी पाणी खवळतं आणि चुंबक आतूनच हलतो. जमीन कितीही शांत असली तरी उपयोग नाही. पाणी बंद, अर्धा प्रवाह, पूर्ण प्रवाह असे तीन स्पेक्ट्रम एकाखाली एक काढा. वेग सेकंदाला २ मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवता आला तर बघा, वाकणं सौम्य करा, होज लवचिक घ्या. कूलिंगवाल्यांना हा तीन रेघांचा आलेख दाखवल्याशिवाय ते व्हॉल्व्हला हात लावणार नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, वेटोळं तापलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं.

मग पंप. पंपाखाली स्प्रिंग माउंट असतो, पण पंपाचा पाइप भिंतीला कडक क्लॅम्पने पकडलेला असतो. कंपन पायातून न जाता पाइपातून जातं. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता नव्या हॉलमध्ये गेलो की आधी क्लॅम्प बघतो.

मग आधार. इम्पॅक्ट हॅमरने चुंबक आणि गर्डरला ठोका, प्रतिसाद घ्या, पहिली नैसर्गिक फ्रिक्वेन्सी शोधा. ती वर नेण्यात किती फायदा? जमीन चौथ्या घाताने उतरते म्हणून, डॅम्पिंग तेच राहिलं तर, पहिली फ्रिक्वेन्सी दुप्पट झाल्यावर रेझोनन्समुळे होणारी हालचाल पावणेतीनपट कमी होते. २० हर्ट्झचा गर्डर ४० वर नेणं म्हणजे एक ओळही कोड न लिहिता मिळालेला पावणेतीनचा गुणक. बहुतेक वेळा गर्डर कडकच असतो, लवचिक असतात ते ॲलाइनमेंटचे स्क्रू आणि पाय. शक्य तिथे ॲलाइनमेंट झाल्यावर पाय लॉक करा, ग्राउट नीट भरा. ग्रेनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनने आपल्या जुन्या रिंगमध्ये गर्डरना व्हिस्कोइलॅस्टिक थरांचे डॅम्पर जोडून रेझोनन्सची शिखरं बसवली. त्यात ना सेन्सर, ना वीज, ना बिघडायला काही.

याच धर्तीचा क्लिकमधला निर्णय मला फार आवडतो. सुरुवातीच्या आराखड्यात टकरीलगतचा शेवटचा क्वाड्रुपोल डिटेक्टरच्या पोटात होता. तिथे काही टेस्लाचं सोलेनॉइडचं क्षेत्र, जागेची चणचण, आणि ०.२ नॅनोमीटरची अट. त्यासाठी डझनावारी टनांचा, १ हर्ट्झच्या आसपास डोलणारा प्री-आयसोलेटर योजावा लागला होता. नंतरच्या आराखड्यात टकरीपासूनचं अंतर ३.५ मीटरवरून ६ मीटर केलं आणि चुंबक डिटेक्टरबाहेर, बोगद्याच्या जमिनीवर आणला. थोडी ल्युमिनॉसिटी (टकरींचं प्रमाण) गेली, पण डोकेदुखीचा मोठा तुकडाही गेला.

वेळापत्रक हेही नियंत्रणाचं साधन आहे. हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसीसाठी, म्हणजे सर्नच्या मोठ्या वर्तुळाकार कोलायडरच्या सुधारित रूपासाठी, ॲटलास आणि सीएमएस या डिटेक्टरांशेजारी नवे शाफ्ट आणि बोगदे खणायचे होते. त्यातलं सगळ्यात धक्क्याचं खोदकाम बीम बंद असलेल्या दीर्घ शटडाउनमध्ये बसवलं गेलं.

५. मऊ माउंट की कडक

इथे दोन पंथ आहेत आणि दोन्हींकडे कट्टर लोक आहेत.

मऊ माउंट म्हणजे चुंबक मऊ स्प्रिंगवर, नैसर्गिक फ्रिक्वेन्सी एक-दोन हर्ट्झ. त्यावरचं जमिनीचं कंपन आपोआप गळून पडतं. पण चुंबकावरच बाहेरून बल आलं, पाण्याचं, हवेच्या झोताचं, केबलच्या ताणाचं, तर मऊ स्प्रिंग ते रोखत नाही. ४०० किलोचा चुंबक २ हर्ट्झवर टेकवला तर आधाराचा कडकपणा मायक्रॉनला जेमतेम ०.०६ न्यूटन भरतो. एक ग्रॅम वजन म्हणजे ०.०१ न्यूटन, ते वर ठेवलं तरी चुंबक दीडशेहून जास्त नॅनोमीटर खचतो. डासही बसायला नको.

कडक माउंट म्हणजे चुंबक थेट पिएझोच्या पायांवर. जमिनीचं कंपन सगळं वर येतं आणि ते लूपने मारावं लागतं. पण बाहेरच्या बलाला चुंबक बधत नाही, शिवाय त्याच पिएझोने दोन पल्सच्या मधे चुंबक दहा-वीस नॅनोमीटरने मुद्दाम सरकवताही येतो. सर्नच्या गटाने क्लिकच्या मुख्य क्वाड्रुपोलसाठी हाच मार्ग धरला. तिरप्या पायांत पिएझो, सांध्यांना लवचिक फ्लेक्शर, आणि चुंबकावर सिस्मोमीटर. प्रयोगशाळेत १ हर्ट्झच्या वर सुमारे अर्ध्या नॅनोमीटरपर्यंत ते पोचले. माझा कल कडककडे आहे, बोगद्यात तर नक्कीच. शांत, बंद खोलीतल्या ऑप्टिकल टेबलासाठी मात्र मऊ माउंट बिनतोड.

आणि नॅनोमीटरच्या गप्पांत ॲलाइनमेंट विसरू नका. एलएचसीच्या ३० टनांहून जड चुंबकांखाली जे जॅक आहेत, त्यांतले सुमारे सात हजार भारतात, इंदूरच्या आरआरकॅट या ॲक्सेलरेटर संशोधन केंद्राच्या पुढाकाराने बनले. त्यांचं काम ५० मायक्रॉनच्या अचूकतेने चुंबक बसवणं. तुमचा पिएझो जेमतेम दहा-पंधरा मायक्रॉन फिरतो. खालचं ॲलाइनमेंट चुकलेलं असेल तर पिएझो आपली सगळी धाव तिथेच संपवून बसेल.

६. पिएझोला सांभाळून घ्या

पिएझो स्टॅक दाब सोसतो, ताण सोसत नाही. प्रीलोड (आधीच दिलेला दाब) नसेल तर चिरा जातात. बाजूचं बल आणि पिळ त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून फ्लेक्शर. उघड्या लूपमध्ये दहा-पंधरा टक्के हिस्टेरिसिस (त्याच व्होल्टेजला जाताना-येताना वेगळी जागा) असतं, पण लहान हालचालींत ते कमी जाणवतं आणि लूप बरंच पुसून टाकतो. त्याचा बाऊ करू नका. बाऊ करायचा तो ड्राइव्हरचा. समजा १०० व्होल्टला १५ मायक्रॉन धाव आहे. म्हणजे एका नॅनोमीटरला ७ मिलीव्होल्ट, आणि ०.१ नॅनोमीटरला मिलीव्होल्टहून कमी. ड्राइव्हरचा गोंगाट मिलीव्होल्टभर असेल तर तुम्ही स्वतःच चुंबक हलवताय. त्यावर १६ बिटचं आउटपुट पूर्ण धावेवर पसरलं तर एक पायरी ०.२३ नॅनोमीटरची. उपाय सोपा आहे : ढोबळ स्थान एका चॅनेलने, आणि कंपनाची दुरुस्ती वेगळ्या, छोट्या धावेच्या चॅनेलने.

७. आता लूप

सिस्मोमीटरवर आधारलेल्या लूपला दोन टोकं असतात. वरच्या टोकाची, म्हणजे ३०-५० हर्ट्झच्या आसपासच्या क्रॉसओव्हरची (जिथून पुढे लूपचा जोर संपतो त्या फ्रिक्वेन्सीची) काळजी सगळे घेतात, कारण कंट्रोलच्या वर्गात तेच शिकवलेलं असतं. खालचं टोक विसरतात. सिस्मोमीटर खालच्या फ्रिक्वेन्सीला आंधळा, शिवाय झुकावाने गोंधळलेला, म्हणून तिथे हाय-पास फिल्टर लावून गेन पाडावा लागतो. म्हणजे अर्ध्या हर्ट्झच्या आसपास आणखी एक क्रॉसओव्हर. फेज मार्जिन, म्हणजे अस्थिरतेपासूनचं अंतर, तिथेही हवं. दोन्ही टोकांना लूप कंपन वाढवतो. एका पट्ट्यात दाबलं की दुसऱ्यात वर येणारच, ही बोडेची अट कुणालाही चुकलेली नाही. खालचं वाढलेलं टोक नेमकं समुद्राच्या ०.२ हर्ट्झच्या उंचवट्यावर आलं तर एरवी एका तालात डुलणारे चुंबक वेगवेगळे डुलायला लागतात, आणि बीमला न जाणवणारी गोष्ट तुम्ही जाणवती करून ठेवता.

विलंब मोजा, गृहीत धरू नका. सेन्सरपासून पिएझोपर्यंत एकूण दीड मिलीसेकंद लागत असतील तर १०० हर्ट्झला ५४ अंश फेज गेलाच. हाच विलंब ०.१५ मिलीसेकंदावर आणला तर साडेपाच अंश. साध्या ऑफिसच्या पीसीवर लूप चालवायचा मोह आवरा. रिअल-टाइम कंट्रोलर किंवा एफपीजीए (प्रोग्रॅम करता येणारी चिप) घ्या. फिल्टरांच्या ॲनालॉग-डिजिटल मिश्रणाचीही लाज वाटायला नको.

फीडफॉरवर्ड जोडीला घ्या. जमिनीवर एक सेन्सर, त्यावरून पिएझोला उलट हुकूम. यात अस्थिरतेचं भय नाही, पण अचूकता निर्दय लागते : गेनमध्ये दहा टक्के चूक, किंवा फेजमध्ये साडेपाच-सहा अंश, एवढ्यावर तुम्ही दहापटीहून जास्त दाबू शकत नाही.

कोणी फोर्कलिफ्ट घेऊन आलं की सिस्मोमीटर सॅच्युरेट होतो आणि इंटिग्रेटर फुगत जातो. यासाठी पहारेकरी कोड पहिल्या दिवसापासून ठेवा : सिग्नल मर्यादेबाहेर गेला की गेन झटक्यात न तोडता हळू शून्यावर आणायचा, आणि शांत झाल्यावर तसाच हळू वर न्यायचा.

८. साक्षीदार सेन्सर

लूपमधल्या सेन्सरवर निकाल दाखवू नका. लूपचं कामच त्या सेन्सरचा सिग्नल शून्य करणं आहे. सेन्सरचा गोंगाटही तो इमानेइतबारे शून्य करतो, म्हणजेच तो गोंगाट चुंबकाच्या खऱ्या हालचालीत उतरवतो. आलेख सुंदर, चुंबक हलतोय. लूपबाहेरचा स्वतंत्र सेन्सर चुंबकावर ठेवा आणि आकडा त्याचाच सांगा. शक्य असेल तर चुंबकाच्या दोन्ही टोकांना, कारण मधोमध स्थिर आणि टोकं झोके घेताहेत असंही होतं.

सोबत नेहमी चार गोष्टी द्या : खालची फ्रिक्वेन्सी, लूप बंद असतानाचा आकडा, सेन्सरचा तळ, आणि पाणी चालू होतं की नाही. शेवटचं विचारल्यावर बरेच वक्ते खोकतात.

९. हात कुठे बसवायचा

महागडा सिस्मोमीटर पहिल्याच दिवशी कोणी हाती देत नाही. ४.५ हर्ट्झचे दोन जिओफोन घ्या. मीटर प्रति सेकंदाला सुमारे २८ व्होल्ट देतात, साध्या ॲम्प्लिफायरवर चालतात. कॉलेजच्या तळमजल्यावर दोघे शेजारी ठेवून तिसऱ्या पायरीतली चाचणी करा, इमारतीच्या पंपाचा आरपीएम स्पेक्ट्रमवरून ओळखा, आणि मग खाली जाऊन नेमप्लेट वाचून ताळा घ्या. हे जमलं की एका जाड पाट्याखाली छोटे पिएझो लावून एका दिशेचा लूप चालवून बघा.

नोकरीच्या दृष्टीने फक्त ॲक्सेलरेटरकडे डोळे लावून बसू नका. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ४ किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांवरचे आरसे स्थिर ठेवायला तिथेही हेच सगळं लागतं : सिस्मोमीटर, ॲक्टिव्ह प्लॅटफॉर्म, वर चार टप्प्यांचे लंबक, आणि झुकाव-सरकण्याचा तोच जुना घोळ. पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यात आहेत. अर्ज करताना बायोडेटाला तुमच्या दोन जिओफोनांच्या चाचणीचा आलेख जोडा, खालची फ्रिक्वेन्सी लिहून.